जपमाळेनंतरची पंधरा मिनिटे

रात्रीच्या जेवणापूर्वी सहकुटुंब जपमाळ म्हणण्याची प्रथा आमच्या घरात तीन पिढ्या चालत आली आहे. पाच रहस्ये संपत आणि लागलीच ताटे मांडली जात. देवाजवळ आम्ही पुष्कळ बोललो. त्याला बोलण्यास मात्र आम्ही कधी सवड दिली नाही.

ही उणीव ध्यानी आली ती एका बांधामुळे. आमच्या आणि धाकट्या भावाच्या वाडीमधला बांध कोणाचा, या वादातून पडलेल्या अबोल्याला नऊ वर्षे लोटली होती. दाव्याचे कागद तयार होते. सही तेवढी राहिली होती. त्याच उपवासकाळात आम्ही उभयतां तीन दिवसांच्या मौन तपसाधनेला गेलो.

तेथे धर्मगुरूंनी संत इग्नेशियस लोयोला यांची कथा नव्याने उलगडली. १५२१ साली पाम्प्लोना येथील लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर असताना त्यांनी शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. दरबारी मानमरातबाची स्वप्ने रंगविताना त्यांना आनंद होई, पण मागाहून मन कोरडे पडे. संतांचे अनुकरण करण्याच्या विचाराने लाभलेले समाधान मात्र मागाहूनही टिकून राही. या एवढ्याशा निरीक्षणातून विवेकाची एक वाट निघाली. पुढे मान्रेसा येथील एकांतात तिला आकार आला आणि १५४८ साली पोप तिसरे पौल यांनी त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाला मान्यता दिली.

आम्हीही डोळे मिटून त्या कागदांवर सही केल्याची कल्पना केली. प्रथम मन सुखावले. भावाची खाली गेलेली मान डोळ्यांपुढे आली. पण तो आनंद घटकाभरही टिकला नाही. मागे उरली ती निव्वळ कोरड. संतांनी आणखी एक युक्ती सांगितली आहे: अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला, तर त्याला काय सल्ला द्याल? उत्तर शोधावे लागले नाही. 'बाबा रे, बांध हातभर. भाऊ एकच,' असेच आम्ही त्याला सांगितले असते.

अंतरी उमटणारा प्रत्येक आवाज पवित्र आत्म्याचाच असतो, असे नव्हे. आपला अहंकारही कधी कधी मृदू स्वरात बोलतो. म्हणूनच तो आवाज शुभवर्तमानाच्या कसोटीवर घासावा, अनुभवी धर्मगुरूंपुढे मांडावा. मन उदास असताना पूर्वीचा चांगला निश्चय बदलू नये, असेही इग्नेशियस बजावतात. हा इशारा आम्हाला लवकरच उपयोगी पडला. भावाच्या दारी गेलो, तेव्हा पहिल्या दिवशी तो धड बोललाही नाही. परतताना, ते कागद फाडले नसते तर बरे झाले असते, असे वाटून गेले. तरीही पुढच्या रविवारी मिस्सा आटोपून आम्ही पुन्हा गेलो. त्या दिवशी वहिनींनी चहा ठेवला.

बांधाची मोजणी अद्याप व्हायची आहे. ती दोन्ही घरांनी मिळून करायची, एवढे ठरले आहे.

हल्ली पाच रहस्ये संपली की आम्ही तसेच बसून राहतो. श्वास संथ होऊ देतो आणि सरल्या दिवसाकडे पाहतो: कोठे कृपा लाभली, कोठे आपण पाठ फिरवली? पुष्कळदा काहीच ऐकू येत नाही. तरी आमच्या घरी आता ताटे पंधरा मिनिटे उशिरा मांडली जातात.