मका त्यांचा, घेवडा आमचा

डिसेंबर १९३०मध्ये धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे मुंबईहून आफ्रिकेला निघाले, तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. त्यांनी काढलेल्या महिला विद्यापीठासाठी त्याआधीच युरोप, अमेरिका, जपान पालथे घालून झाले होते. विठ्ठलदास ठाकरसींनी १९२०मध्ये १५ लाखांची देणगी दिली होती आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नावही लागलं होतं. तरी अण्णा पुन्हा झोळी घेऊन बाहेर पडले. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका आणि थेट दक्षिण आफ्रिका, असा सव्वा वर्षाचा दौरा त्या वयात त्यांनी केला.

ही हकिकत आपल्याकडे अण्णांच्या चिकाटीचा दाखला म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. अण्णांना पैसे दिले ते मुख्यतः तिथे स्थायिक झालेल्या हिंदी लोकांनी. त्यांत दुकानदार पुष्कळ. त्या दुकानांत मीठ, साबण आणि कापड घ्यायला येणारं गिऱ्हाईक कोण होतं? आसपासच्या खेड्यांतली आफ्रिकन माणसं. वसाहतीच्या काळात केनियात गोऱ्यांच्या, हिंद्यांच्या आणि आफ्रिकनांच्या शाळा वेगवेगळ्या होत्या, आणि आफ्रिकन मुलींच्या वाट्याला शाळा अगदीच थोडी येत होती. म्हणजे आमच्या आज्या-पणज्या ज्या पैशावर शिकल्या, त्यात काही आणे अशा आयाबायांचे होते ज्यांच्या स्वतःच्या लेकींना अक्षरओळखही झाली नाही. त्यांनी ते जाणूनबुजून दिले नाहीत, हे खरं. पण घेणाऱ्यांनी तरी ते जाणून असावं.

अमेरिकेत शिकागोजवळच्या शॉमबर्गला रोझेल रोडवरच्या टाऊनशिप लायब्ररीत आमची बैठक असते, तेव्हा हे माझ्या मनात असतं. आमचा गट लहान. आम्ही काही मराठी बायका-पुरुष, इथल्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक अमेरिकन बाई, आणि शिकागोच्या एका रुग्णालयात काम करणारी एक नर्स. ती पश्चिम केनियातली, किसुमूच्या बाजूची. तिच्या गावातल्या प्राथमिक शाळेसाठी आम्ही पैसे जमवतो. गावाभोवती ऊस आहे. तिने पहिल्यांदा फोटो दाखवले, तेव्हा आमच्यातले कोल्हापूरचे काका ऊसच न्याहाळत बसले होते. हिंदुस्थानातून नेलेल्या हजारो मजुरांच्या कष्टांवर उभी राहिलेली रेल्वे १९०१मध्ये मोंबासाहून त्याच किसुमूला पोचली होती, हेही त्या दिवशी कोणीतरी सांगितलं.

आमचं काम बघायला फार काही नसतं. कोणाच्या कंपनीकडून देणगीइतकीच भर मिळते, त्याचा फॉर्म कोणी भरला नाही. बँकेने परदेशी पैसे पाठवायला किती कापले. मागच्या सत्रातली, शाळेच्या जेवणासाठी घेतलेल्या घेवड्याची पावती पुसट का आली आहे. वर्षाला ५० हजार डॉलरच्या आत जमा असलेल्या संस्थेला इथल्या कर खात्याकडे फक्त एक छोटं ई-पोस्टकार्ड भरावं लागतं. पण आमच्या खजिनदार बाई सरकारसाठी हिशेब लिहीत नाहीत. त्यांच्या वहीत दर पावतीसमोर तिथल्या मुख्याध्यापिकेच्या अक्षरातली नोंद डकवलेली असते. शाळेच्या पालक समितीलाही तीच वही पाठवली जाते, म्हणजे आम्ही किती जमवलं, किती पाठवलं आणि किती वाटेत गेलं हे गावाला कळतं. हिशेब वर द्यायचा असतो असं सगळे धरून चालतात. तो खाली दिला, की नातं बदलतं.

एकदा मात्र बैठकीत कडाक्याचा वाद झाला. शाळेतल्या दोन हुशार मुलींना लांबच्या निवासी माध्यमिक शाळेत प्रवेश मिळाला होता. केनियात प्राथमिक शाळेची फी सरकारने २००३मध्ये माफ केली, पण निवासी शाळेचा खर्च घरच्यांवरच पडतो. शाळेने पाठवलेली यादी आमच्यापुढे होती: पत्र्याची ट्रंक, कुलूप, गादी, दोन ब्लँकेटं, बादली, स्वेटर, बूट, आणि खाली फीचे आकडे. ती यादी वाचताना टेबलाभोवतीच्या मराठी माणसांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन एसटीने वसतिगृहात गेलेली माणसं होती ती. साहजिकच बहुतेकांचा कौल मुलींच्या बाजूने होता.

त्याच टपालात पालक समितीचं पत्र होतं. मे ते जुलै हे तिथले ओढगस्तीचे महिने. मार्चच्या पावसावर लावलेला मका ऑगस्टच्या सुमारास हाती येतो, तोवर घरातली कणगी रिकामी होते. मुलं दुपारी जेवायला म्हणून घरी जातात, घरी काही नसतं, आणि मग ती परत शाळेत येत नाहीत. समितीने लिहिलं होतं: मका आम्ही घरटी गोळा करू, सरपण पोरं-पालक आणतील, पाणी भरायच्या पाळ्या लावल्या आहेत, तुम्ही घेवडा आणि स्वयंपाकिणीचा पगार बघाल का? मका आणि घेवडा एकत्र उकडायचा, केनियात त्याला गिथेरी म्हणतात. सगळ्या शाळेला, रोज.

पैसे दोन्हीला पुरणारे नव्हते. निवृत्त बाई म्हणाल्या, हुशार मुलीला मागे ठेवणं हे पाप आहे. नर्स बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी वर्गात पहिली येत नव्हते. मी शाळेत राहिले, एवढंच." मी जेवणाच्या बाजूने मत दिलं आणि आजही माझं मत तेच आहे. एका मुलीचं शिक्षण पूर्ण करून तिचा फोटो भिंतीवर लावणं देणाऱ्याला सुखावतं. दीड-दोनशे मुलं दुपारी तीनपर्यंत वर्गात बसून राहणं कुठल्याच फोटोत नीट दिसत नाही. पण शाळा चालते ती त्यांच्यामुळे. त्या दोघींपैकी एकीची सोय पुढे चर्चकडून झाली. दुसरी गावाजवळच्या अनिवासी शाळेत गेली. त्या दुसरीचा विचार मनातून जात नाही, आणि जाऊ नये असंही वाटतं.

अन्न आणि शिक्षण यांची ही सांगड आपल्याला नवी नाही. पुण्यात किती पिढ्या माधुकरी मागून आणि वार लावून शिकल्या. सात घरी सात वार जेवणारा मुलगा पुढे मुन्सफ झाला, की त्याच्या हुशारीच्या गोष्टी व्हायच्या. वाढणाऱ्या सात बायकांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. शिवाय ते वार जात बघून मिळत. भाऊराव पाटलांनी ती अट मोडली. १९१९मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवणारं वसतिगृह सुरू केलं. घरोघर दळताना, शिजवताना मूठभर धान्य बाजूला काढायचं, त्या मुष्टिफंडावर पोरं जेवली. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. तो त्याग मोठाच. पण मला त्या अनाम मुठी अधिक महत्त्वाच्या वाटतात, कारण मंगळसूत्र एकदाच मोडता येतं.

पालक समितीच्या पत्रातला घरटी मका म्हणजे हा मुष्टिफंडच. केनियात त्याची स्वतःची परंपरा आहे. स्वातंत्र्यानंतर तिथे 'हरांबे' म्हणजे 'सगळे मिळून ओढू' अशी हाक देऊन गावोगावी लोकांनी विटा-पत्रे गोळा केले, माध्यमिक शाळा उभ्या केल्या आणि मग सरकारला मास्तर द्यायला लावले. त्यामुळे गावाला काही येत नाही आणि आपण जाऊन सगळं उभं करायचं, हा समज आधी टाकून द्यायला हवा. गाव आधीच ओढत असतं. बाहेरच्याने दोराला हात लावायचा तो शेवटी, आणि दिशा त्यांनी ठरवायची.

आमच्या या शॉमबर्गलाही हे नवीन नसावं. आज इथे वुडफिल्ड मॉल आहे, ऑफिसांच्या काचेच्या इमारती आहेत, पाऊण लाखाहून जास्त वस्ती आहे. पण १९५६मध्ये त्याची अधिकृत नोंद झाली, तेव्हा इथे दीडशेही माणसं नव्हती. जर्मन शेतकऱ्यांचं खेडं होतं ते. १८७२ची एकखोली शाळा अजून जपून ठेवली आहे. मधोमध शेगडी, लाकडी बाकं, सगळ्या इयत्तांना एकच मास्तर. किसुमूकडून आलेली आमची मैत्रीण तिथे गेली, तेव्हा बाकावर बसली आणि फळ्याकडे बघत म्हणाली, आमच्याकडे खिडक्या याहून मोठ्या आहेत.

नवीन माणसं आमच्यात येतात, तेव्हा बहुतेक जण विचारतात, कंप्युटर पाठवायचे का, जुने कपडे पाठवायचे का, मुलांना सुट्टीत तिकडे घेऊन जाता येईल का. प्रश्न चांगल्या मनाने विचारलेले असतात. उत्तर एकच देते: समितीने जे मागितलंय ते आधी देऊ. दिवाळीच्या कार्यक्रमात एकरकमी हजार डॉलर देणाऱ्याचे आभार आहेतच. पण दर महिन्याला न चुकता दहा डॉलर देणारी शंभर माणसं मिळाली, तर स्वयंपाकिणीला वर्षभराचा शब्द देता येतो. सत्रासत्राला तिची नोकरी टांगणीला लागत नाही, आणि एखाद्या मोठ्या देणगीदाराचं मन बदललं म्हणून शाळेची चूल विझत नाही.

तिथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं. घेवडा नोव्हेंबर-डिसेंबरात घेतला तर स्वस्त पडतो, म्हणून पैसे ऑक्टोबरअखेर पोचायला हवेत. तुम्ही कुठेही असा, शॉमबर्गला, साताऱ्याला किंवा नैरोबीला, अशी एखादी शाळा तुमच्या ओळखीची असेलच. तिला काय हवंय ते तिच्या गावालाच विचारा, आणि जे द्याल ते थोडं असलं तरी नेमाने द्या.