नदीची जागा

सिएटलच्या पूर्वेला, कार्नेशन गावाच्या कडेला टोल्ट नदी स्नोक्वाल्मीला मिळते. त्या संगमावर किंग काउंटीचं टोल्ट-मॅकडोनल्ड उद्यान आहे. कॉटनवूडची उंच झाडं, त्यांच्याखाली अल्डर, रुंद पानांचे मेपल आणि ओल्या हवेनं खोडाखोडावर चढवलेलं शेवाळ. १९७६ साली, अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीत, इथली मुक्कामाची जागा बॉय स्काउटांच्या श्रमदानातून उभी राहिली. सुमारे ५०० फूट लांबीचा झुलता पूल स्नोक्वाल्मी ओलांडतो, पण तो फक्त पायी जाणाऱ्यांसाठी आहे. पलीकडच्या रानात मुक्काम करायचा तर तंबू, अंथरूण, शिधा सगळं गाडीतून उतरवून पुलावरून न्यावं लागतं. या गैरसोयीतच उद्यानाचं शहाणपण आहे, असं मला वाटतं. नदीच्या पसरण्याच्या जागेत माणसानं जरूर यावं, पण उचलून परत नेता येईल एवढाच संसार घेऊन यावं.

कॅस्केड पर्वतात हिवाळ्यात बर्फावर उबदार पाऊस कोसळला, की पावसाचं आणि वितळलेलं पाणी एकदमच खोऱ्यात उतरतं. जानेवारी २००९ मध्ये असाच मोठा पूर आला होता. त्याच वर्षी उद्यानाजवळचा टोल्टचा जुना बांध हटवून नवा बांध नदीपासून मागे घालण्याचं काम झालं. बांधांत आवळलेली नदी वेगानं धावते, तळ खरवडते, वाळूखडे वाहून नेते. आणि चिनूक सामन मासा अंडी घालतो ती त्या खड्यांतच. त्याच्या पिलांना संथ पाणी, सावली, आडव्या पडलेल्या ओंडक्यांचा आडोसा लागतो. नदीला रुंदी मिळाली तरच हे सगळं पुन्हा तयार होतं. आता त्या जमिनीवर बंगले असते, तर बांध मागे नेण्याची गोष्ट तरी कुणी काढली असती का? तिथे तंबूंची जागा होती, म्हणून नदीला जागा देता आली.

विजेची जोडणी आणि आगाऊ आरक्षण असलेल्या मुक्कामाला रान म्हणायचं का, असा आक्षेप घेतला जातो. रानाचा तो निकष मला पटत नाही. रेडमंड-बेलव्ह्यूच्या मराठी घरांतल्या मुलांनाही रात्री नदी ऐकायची, तर ती सुट्टीच्या एका दिवसात गाठता येणारीच हवी. दुर्गम शिखरांचं रक्षण आवश्यक आहेच, पण घराजवळची नदी ज्यानं अनुभवली नाही, त्यानं उद्यानांसाठीच्या मालमत्ता कराला मत का द्यावं? किंग काउंटीचे मतदार २००३ पासून ते देत आले आहेत.

दुसरा आक्षेप जड आहे. ही जमीन कधी रिकामी नव्हती. संगमावर स्नोक्वाल्मी लोकांची वस्ती होती. १८५५च्या पॉइंट एलियट करारानं त्यांची भूमी गेली आणि संघराज्याची मान्यता परत मिळायला १९९९ उजाडलं. उद्यानानं त्या अन्यायाची भरपाई होत नाही, आणि तसा दावा कुणी करू नये. एवढंच म्हणता येईल, की ज्या सामनवर ती वस्ती जगली, त्याची वाट इथे काँक्रीटनं बुजवली गेलेली नाही.

पाणी चढू लागलं की तंबू निघतात. गढूळ स्नोक्वाल्मी कॉटनवूडच्या बुंध्यांमधून फिरते, गाळ टाकते, एखादा ओंडका अडकवून ठेवते आणि ओसरते.