घामाची साक्ष

लखनौमध्ये १ ऑगस्ट २०२१ रोजी उत्तर प्रदेशच्या न्यायसहायक विज्ञान संस्थेची पायाभरणी झाली. अशा संस्थांतून घडणाऱ्या विद्यार्थ्यांचा विचार करताना मला पॉलिग्राफ आठवतो. हे यंत्र श्वास, नाडी, रक्तदाब आणि त्वचेची विद्युतवाहकता मोजते, असत्य नव्हे. पोलिसांचे नुसते बोलावणे आले तरी माझे काळीज धडधडेल. ती धडधड भीतीची की अपराधाची, हे यंत्राला कसे कळावे?

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्ये एक काल्पनिक हिशेब मांडला. दहा हजार कर्मचाऱ्यांत दहा हेर आहेत आणि त्यांतील आठ सापडतील इतकी चाचणी कडक ठेवली, तर बऱ्यापैकी अचूक चाचणीतही सुमारे १,६०० निर्दोष माणसे संशयित ठरतात.

सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात संमतीविना अशा चाचणीस मनाई केली. संमतीने घेतलेल्या चाचणीचा निष्कर्षही पुरावा म्हणून ग्राह्य नाही. तरीही ‘चाचणीत खोटा ठरला’ एवढी बातमी माणसाला आयुष्यातून उठवण्यास पुरेशी असते. आलेख वाचणाऱ्याने त्या आठांइतकेच या सोळाशेंचेही स्मरण ठेवावे, एवढीच माझी अपेक्षा.