आलं की सांगतो

मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांनी विमानप्रवास केला असेल. काहींना तर त्याचे अप्रूपही उरले नसेल. तरीही माझ्या आयुष्यातला पहिला आणि एकट्याने केलेला विमानप्रवास मी तुम्हांला सांगणार आहे. एकतीस वर्षे मी एसटीमध्ये वाहक होतो. सातारा आगारातून सुटणाऱ्या किती गाड्यांना मी दोन घंट्या देऊन मार्गस्थ केले, याची मोजदाद नाही. इतरांना प्रवास घडवण्यात ज्याची हयात गेली, तो माणूस उतारवयात एकदा स्वतःच गोंधळलेला प्रवासी झाला. त्या दिवशी त्याला जे उमगले, ते सांगण्यासाठी हा लेख.

नागपूरला माझी थोरली बहीण राहते. आई लवकर गेली, तेव्हा अक्का सोळा वर्षांची होती आणि मी पाच. तिने मला वाढवले. तिच्या हृदयाची बायपास शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा दूरध्वनीवर ती एवढेच म्हणाली, "तू आलास की मग मी आत जाईन." शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी होती. रेल्वेचे आरक्षण मिळत नव्हते आणि रात्रभराच्या प्रवासात वेळेची खात्री नव्हती. भाच्याने पुणे–नागपूर विमानाचे तिकीट काढून ते माझ्या मोबाइलवर पाठवले. पत्नीला गुडघ्यांमुळे येणे शक्य नव्हते. मी एकटाच निघालो.

पुण्याचा लोहगाव विमानतळ मुळात हवाईदलाचा तळ आहे. लढाऊ विमाने आणि प्रवासी विमाने एकच धावपट्टी वापरतात. प्रवेशद्वाराशी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान उभा होता. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या आपल्या विमानाचे अपहरण झाले. त्यानंतर २००० सालापासून विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने या दलाकडे आली. जवानाने माझे तिकीट पाहिले, आधारकार्ड पाहिले, मग माझा चेहरा पाहिला. एकतीस वर्षे मी लोकांची तिकिटे तपासली होती; कोणी आपले तिकीट तपासत असताना छातीत काय होते, हे मला त्या क्षणी प्रथमच कळले. कागद सगळे बरोबर असूनही मी अपराध्यासारखा उभा होतो.

पुढे सामानाची खिडकी लागली. मोठी बॅग पंधरा किलोपर्यंत आणि हातातली सात किलोपर्यंत, हे भाच्याने पढवले होते. मोठी बॅग पट्ट्यावरून निघून गेली. मग सुरक्षा तपासणी. तिथल्या मुलाने माझ्यापुढे प्लॅस्टिकचा एक ट्रे सरकवला आणि म्हणाला, "पट्टा, पाकीट, मोबाइल, सगळं ट्रेमध्ये ठेवा." माझ्या आयुष्यात ट्रे या शब्दाचा एकच अर्थ होता. तिकिटांच्या गड्ड्या ओळीने लावलेला वाहकाचा ट्रे. तो काखेत असला की गर्दीत मी कुणी तरी असे. या ट्रेमध्ये मी कमरेचा पट्टासुद्धा काढून ठेवला आणि एका हाताने विजार सावरीत चौकटीतून पलीकडे गेलो.

माझी पिशवी मात्र अलीकडेच अडली होती. पत्नीने अक्कासाठी देवापुढचा नारळ दिला होता, तो यंत्राला दिसला. नारळ केबिनमध्ये नेता येत नाही, असे तपासनिसाने समजुतीच्या स्वरात सांगितले. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असते, ते लवकर पेट घेते. म्हणून विमानात त्याची धास्ती. कारण कळल्यावर मला ते पटले. पण देवाचा नारळ तिथल्या मेजावर ठेवून पुढे जाताना मन खट्टू झाले. कुणाला आधी विचारले असते, तर तो घरीच ठेवला असता. पण मी विचारले नव्हते. का विचारले नव्हते, याचा विचार त्या वेळी माझ्या मनात आला नाही.

बोर्डिंग पासवर फाटकाचा क्रमांक पाच होता. पाचव्या फाटकासमोरच्या खुर्चीत मी जाऊन बसलो. मला खूप वेळाने जाणवले की, इथे कुणी पुकारत नव्हते. एसटी स्थानकावर ध्वनिक्षेपक अखंड बोलत असतो. गाडी कुठली, फलाट कितवा, हे ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही समजते. देशातील अनेक विमानतळांवर आता अशा घोषणा जवळजवळ बंद झाल्या आहेत. गोंगाट कमी व्हावा हा त्यामागचा हेतू आणि तो चांगलाच आहे. प्रवाशाने पडद्यावरची अक्षरे वाचत राहावे, एवढीच अपेक्षा असते. मी मात्र कान लावून बसलो होतो. डोळे कागदावरच्या पाच या आकड्यावर होते.

विमान सुटायला चाळीस मिनिटे उरली, तरी फाटकाशी हालचाल दिसेना. आजूबाजूला बसलेले लोक भलत्याच गावचे वाटू लागले. शेजारी एक तरुण संगणक मांडीवर घेऊन काम करीत होता. "नागपूरचं विमान इथूनच ना?" एवढेच विचारायचे होते. चार शब्दांचा प्रश्न. पण तो ओठांवर येईना. आपल्या कपड्यांवरून, बोलण्यावरून त्याला कळेल की हा माणूस पहिल्यांदाच आला आहे, ही एकच भीती. साठी उलटलेल्या माणसाला कसली लाज, असे तुम्ही म्हणाल. पण तुमच्यापैकी ज्यांनी बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर अभ्यासकेंद्राच्या खिडकीशी प्रवेशअर्ज हातात घेऊन उभे राहण्याचा अनुभव घेतला असेल, त्यांना ही लाज नेमकी कुठे बसते, हे मी सांगायला नको.

आणि तिथे, त्या गुळगुळीत खुर्चीत, मला मेढ्याची आजी आठवली.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची जुलैतली संध्याकाळ. साताऱ्याहून मेढामार्गे महाबळेश्वरला जाणारी मुक्कामी गाडी. पाऊस असा की काचांतून बाहेरचे काही दिसत नव्हते. नऊवारीतली एक म्हातारी एकटीच चढली. लेकीकडे मेढ्याला निघाली होती. गाडी शहराबाहेर पडते न पडते तोच तिने विचारले, "मेढा आलं का, बाबा?" मी नाही म्हणालो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मी हिशेबात होतो, गाडी खच्चून भरली होती, आणि मी सगळ्यांदेखत आवाज चढवला, "आजी, आलं की सांगतो! सारखं सारखं विचारू नका." दोन-तीन जण हसले. आजी गप्प बसली.

मेढ्याला बरीच माणसे उतरली, बरीच चढली. मी दोन घंट्या दिल्या. केळघर आले तेव्हा माझी नजर आजीवर गेली. ती तशीच बसून होती, बोचके मांडीवर. मी धावत जवळ गेलो. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "तू सांगणार होतास, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही, बाबा."

पुढे घाट होता, गाडीला थांबता येत नव्हते. मी तिला एका दुकानाच्या पडवीत बसवले, परतीच्या गाडीत बसवून द्या असे दुकानदाराला विनवले आणि गाडी सोडली. दुसऱ्या दिवशी पहाटे परतताना ते दुकान बंद होते. आजी लेकीकडे कधी पोहोचली, हे मला आजतागायत माहीत नाही. या गोष्टीची कुठे नोंद झाली नाही, कुणी तक्रार केली नाही. मीही ती कुणाला सांगितली नव्हती.

"काका, नागपूर का?"

मी दचकून वर पाहिले. फरशी पुसण्याची गाडी ढकलीत एक बाई समोर उभी होती. मी मान हलवली. "मग इथं काय करताय? फाटक बदललंय. दोन नंबरला जा. तिकडं रांग लागली आहे." सुटण्याच्या वेळेआधी वीस-पंचवीस मिनिटे फाटक बंद होते, हे तिला ठाऊक होते; माझ्या हातातली पिशवी उचलून देत ती म्हणाली, "पळू नका, पण बसू पण नका." मी तिला विचारले, "तुम्हांला कसं कळलं?" ती हसली. "तोंडावरून कळतंय की. रोज बघते." मग सहज म्हणाली, "मी नाही बसले अजून विमानात."

तोंडावरून कळते, हे मलाही माहीत होते. पहिल्यांदा एकट्याने निघालेला माणूस वाहकाला लांबूनच ओळखू येतो. मेढ्याच्या आजीच्या तोंडावरही ते स्पष्ट लिहिलेले होते, आणि मी ते वाचलेही होते. वाचूनही मी तिला गप्प केले होते.

विमानात माझी जागा खिडकीशी होती. दार लागण्यापूर्वी हवाई सुंदरी मधल्या वाटेने माणसे मोजत गेली. हातातल्या छोट्या यंत्राची कळ दर माणसामागे दाबली जात होती. मी नकळत तिच्याबरोबर मोजू लागलो. ती सवय हाडात मुरलेली. विमान वर चढताच कानांत दडे बसले. उंचीवर हवा विरळ असते. म्हणून विमानाच्या आत हवेचा दाब राखावा लागतो. तरी तो सुमारे दोन ते अडीच हजार मीटर उंचीवरच्या दाबाइतकाच असतो, म्हणजे कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच शिखराहूनही विरळ हवेतला. आवंढा गिळला की कान मोकळे होतात. हे मात्र मी शेजारच्या गृहस्थांना विचारून घेतले. विचारताना जीभ अडखळली नाही. त्यांनी खिशातली एक गोळीही चघळायला दिली.

ढगांच्या फटीतून खाली एक रस्ता दोरीसारखा दिसला. पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली. तोच मार्ग असावा, अशी मी मनाची समजूत घातली. नागपूरचेही असेच एक जुने नाते आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, कोलकाता, दिल्ली आणि चेन्नई या चार दिशांची विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेच्या आत ती आपापल्या शहरी परतत. कुणाचे तरी पत्र योग्य थैलीत पडावे, म्हणून चार विमाने तिथे एकमेकांची वाट पाहत. पाऊण तास एका आजीची वाट पाहता न आलेल्या माणसाला ही गोष्ट त्या दिवशी फार मोठी वाटली.

संध्याकाळी मी रुग्णालयात पोहोचलो. अक्काने माझा हात धरला आणि सोडला नाही. भाचा बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "एक विचारायचं होतं डॉक्टरांना. पण ते घाईत असतात. आणि सारखं काय विचारायचं?"

सारखं काय विचारायचं. मी उठलो आणि डॉक्टर दिसेपर्यंत दाराशी उभा राहिलो. ते आले, तेव्हा मी त्यांना एकामागून एक सगळे विचारले: किती वेळ लागेल, आम्ही कुठे थांबायचे, आम्हांला कोण आणि केव्हा सांगेल. ते खरोखर घाईत होते. पण खुर्ची ओढून बसले. त्यांनी कागदावर हृदय काढले आणि पायातली रक्तवाहिनी घेऊन अडथळ्याला वळसा कसा देतात, ते दाखवले. "म्हणजे घाट बंद पडला की बाजूच्या रस्त्यानं गाडी काढायची," मी म्हणालो. अक्का हसली. मग तिने स्वतःच विचारले, "शुद्धीवर आल्यावर मला बोलता येणार नाही म्हणतात, ते खरं का?" डॉक्टर म्हणाले, "खरं आहे. श्वासासाठी घशात नळी असेल. काही तास बोलता येणार नाही. नळी काढली की बोलाल. तेव्हा घाबरायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ती शुद्धीवर आली. घशात नळी होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि दोन बोटांनी चादरीवर दोनदा टकटक केले. दोन घंट्या. चला. तिला आधीच कळले होते, म्हणून ती घाबरली नाही. आता ती बरी आहे. संध्याकाळी अंगणात फेऱ्या मारते.

परतीच्या प्रवासात मी पडदे वाचले, फाटक वाचले आणि तरीही खात्रीसाठी दोघांना विचारले. मित्रहो, तुम्हीही कधी ना कधी कोणत्या तरी दाराशी पहिल्यांदाच उभे असाल, आणि कधी ना कधी खिडकीच्या आतल्या बाजूला असाल. बाहेर असाल तेव्हा विचारा, दोनदा विचारा. आत असाल आणि कुणी तिसऱ्यांदा विचारले, तर 'आलं की सांगतो' असे म्हणायला हरकत नाही. फक्त ते आले की सांगा.