चिवटपणाची मोजणी

कागदात छोटी खिडकी कापायची, तिच्यावर कोळ्याचा एकच धागा चिकटवायचा, चौकट यंत्राच्या चिमट्यांत धरायची आणि मग दोन्ही कडांचा कागद कात्रीने अलगद कापायचा. आता सगळा भार धाग्यावर. जाडी चार-पाच मायक्रॉन. तिरका उजेड नसेल तर दिसतही नाही. पंखा अर्थातच बंद.

पावसाळ्यात हे काम म्हणजे डोकेदुखी. कोळी ज्या धाग्याला लटकतो तो भिजला की आखडतो, काही जातींत जवळजवळ निम्मा होतो. म्हणून आधी हवेतला दमटपणा नोंदवायचा, मगच ताण द्यायचा.

'पोलादाहून पाचपट मजबूत' हे पालुपद ऐकलं की वैताग येतो. वजनाच्या हिशेबात ठीक आहे, पण नुसती ताकद चांगल्या पोलादातही असते. गंमत आहे ती चिवटपणात. अ‍ॅलनीनचे बारीक स्फटिक धागा धरून ठेवतात, मधल्या ग्लायसीनबहुल साखळ्या उलगडत जातात आणि तुटेपर्यंत ऊर्जा गिळतात. मादागास्करचा डार्विन्स बार्क स्पायडर तर नदीवर 25 मीटर लांब धागा टाकतो.

या धाग्यासाठी कोळी पाळावेत, तर ते एकमेकांनाच खातात. म्हणून त्यांची जनुकं जिवाणूंत घालून झाली, शेळ्यांतही झाली. प्रथिन मिळतं, अडतं ते कातण्यापाशी. कोळ्याच्या नळीत आम्लता वाढते, पाणी निघून जातं, ओढ बसते आणि द्रवाचा धागा होतो, तोही साध्या तापमानाला. ते साधेपर्यंत 'कोळीरेशमा'च्या जॅकेटांच्या जाहिराती मी तरी मनावर घेणार नाही.