पडद्यामागचे पाणी

२०१२ च्या उन्हाळ्यात पुतणीच्या आग्रहावरून आम्ही उभयता अमेरिकेत, फ्लोरिडातील ऑर्लँडो येथे गेलो होतो. तेथील डिस्नेच्या हॉलिवूड स्टुडिओज या उद्यानात चित्रपटांतील चमत्कार कसे घडवतात हे दाखवणारी एक फेरी असे. १९८९ साली उद्यान सुरू झाले तेव्हापासूनची ती फेरी. एकामागे एक डबे जोडलेल्या ट्राममध्ये बसवून प्रेक्षकांना 'कॅटॅस्ट्रॉफी कॅन्यन' नावाच्या दरीत नेत. दरी कृत्रिम होती; तेलविहिरीच्या परिसराचा तो एक देखावा होता.

गाडी थांबली आणि पायांखालची जमीन हादरू लागली. विजेचे खांब कलले. समोरच्या टँकरने पेट घेतला आणि त्याची धग चेहऱ्याला लागली. इतक्यात वरच्या कड्यावरून पाण्याचा प्रचंड लोंढा थेट आमच्या रोखाने झेपावला. सौभाग्यवतींनी माझा हात घट्ट धरून णमोकार मंत्र सुरू केला होता. दोन-चार शिंतोड्यांवर सारे निभावले आणि गाडीभर हशा पिकला.

त्यानंतर गाडी वळसा घेऊन त्या दरीच्या पाठीमागे गेली. समोरून जो कातळ वाटला होता, तो मागून पोलादी सांगाड्यावर चढवलेला गिलावा होता. उंचावर मोठमोठ्या टाक्या, खाली जाडजूड नळ. एका खेळास सुमारे ७०,००० गॅलन, म्हणजे जवळजवळ २ लाख ६५ हजार लिटर पाणी सोडले जाई आणि तेच पाणी पुन्हा गोळा करून पुढच्या गाडीसाठी वर चढवले जाई. पाण्याच्या थेंबात असंख्य जीव असतात, या शिकवणीत आम्ही वाढलो. केवळ करमणुकीसाठी एवढे पाणी उधळलेले पाहून मन चरकले होते. निदान ते वाया जात नाही हे कळल्यावर थोडे बरे वाटले. मात्र मनात अधिक ठसली ती दुसरीच गोष्ट. जादूगार आपली युक्ती लपवतो. येथे आधी भय दाखवले आणि मग आपण होऊन पाठीमागची बाजूही दाखवली. त्यामुळे खेळाचे मोल उणे झाले नाही, उलट वाढलेच.

ही आठवण सात वर्षांनी एका निराळ्याच प्रसंगी उपयोगी पडली.

सांगलीत आमचे हळदीचे अडत दुकान आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाई चढू लागली, तेव्हा धाकटे बंधू म्हणाले, "दादा, गावभागातल्या वखारीतली पोती आजच हलवू या." मी भिंतीवरची २००५ च्या महापुराची खूण दाखवली. त्या खुणेच्या वर आम्ही जोते बांधून घेतले होते. "त्याहून वर पाणी येत नसते," असे मी ठासून सांगितले. चाळीस वर्षे हिशेब लिहिणाऱ्या माणसाला मागच्या पानावरचा आकडा म्हणजे अखेरचा आकडा वाटू लागतो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेले. या पाण्याला पाठीमागची बाजू नव्हती, टाकी नव्हती आणि ते वेळेवर थांबवणारा कोणी माणूसही नव्हता.

पूर ओसरल्यावर कुलूप उघडले. खालच्या थरांतील पोती चिखलात रुतलेली, वरची ओलाव्याने फुगलेली. त्यातील बराचसा माल आमचा नव्हताच. चांगल्या दराची वाट पाहत शेतकऱ्यांनी विश्वासाने ठेवलेला तो माल होता.

चार दिवसांनी परगावचे एक परिचित व्यापारी आले. त्यांनी शांतपणे मार्ग सुचवला: माल वाळवा, पॉलिश करून घ्या, चांगल्या हळदीत थोडा थोडा मिसळा; रंग चढला की कोणाला काही कळत नाही. रात्रभर मला झोप लागली नाही. लोभापेक्षा शेतकऱ्यांचे पैसे कोठून द्यायचे, ही चिंता मोठी होती. पहाटे सामायिकाला बसलो, तर डोळ्यांपुढे ती दरी उभी राहिली. समोरून कातळ, मागून गिलावा. त्या लोकांनी करमणुकीच्या खेळातही मागची बाजू दाखवली होती. आणि मी मात्र लोकांच्या पोटात जाणाऱ्या जिनसेची मागची बाजू रंगाखाली लपवणार होतो.

सकाळी बंधूंना विचारले. ते एवढेच म्हणाले, "दादा, बुरशी पॉलिशने जात नाही." तो सारा माल आम्ही नष्ट केला. शेतकऱ्यांना बोलावून वखार उघडी करून दाखवली, वजनाच्या पावत्या समोर ठेवल्या. एक प्लॉट विकावा लागला आणि सर्वांची बाकी चुकती व्हायला दोन वर्षे लागली. काहींनी दुकान बदलले. त्यांना दोष देता येत नाही. बरेच जण मात्र पुढल्या हंगामात पुन्हा आमच्याकडेच माल घेऊन आले.

त्या वर्षी पूर ओसरल्यावर थोड्याच दिवसांत पर्युषण आले. दरवर्षी मी सर्वांची क्षमा मागतो, परंतु त्यातील बहुतेक वेळा तो रिवाजच असतो. त्या वर्षी धाकट्या भावासमोर हात जोडताना माझा आवाज फुटेना. त्यांचे म्हणणे मी मनावर घेतले असते, तर पुष्कळ पोती वाचली असती. वयाने मोठे असणे म्हणजे नजरेने मोठे असणे नव्हे, हे मला साठीनंतर शिकावे लागले.

पुढे पुतणीकडून कळले की ती दरी २७ सप्टेंबर २०१४ रोजीच कायमची बंद झाली. त्या उद्यानात आता टॉय स्टोरी आणि स्टार वॉर्स या चित्रपटांवर बेतलेल्या नव्या नगऱ्या उभ्या आहेत. संगणकावर महापूर रंगवता येऊ लागल्यावर टाक्या आणि नळ पाहण्याची नवलाई तशीही उरली नसावी. बारा भावनांतील पहिली अनित्य भावना. ती खऱ्या कातळाला लागू पडते, तशीच गिलाव्याच्या कातळालाही.

वखारीच्या भिंतीवर आता २०१९ ची खूणही आहे. तिच्या वर बरीच भिंत मी मुद्दाम कोरी ठेवली आहे. पावसाळ्यात नदी चढू लागली की त्या कोऱ्या भिंतीकडे पाहतो आणि धाकट्या बंधूंना विचारतो, "काय म्हणता, पोती हलवायची का?"