नात्याचा दाखला

गेल्या दोन वर्षांत आमच्या धर्मग्रामातील तीन-चार कुटुंबांनी माझ्या ओसरीवर बसून एकच प्रश्न विचारला आहे. "गुरुजी, मुलीचे लग्न चर्चमध्ये रीतसर लागले, तरी परदेशचे सरकार नाते खरे असल्याचा पुरावा मागते. तो द्यावा तरी कसा?" हा प्रश्न माझ्याही घरी एकदा उभा राहिला होता. त्या वेळी मला प्रथम राग आला, आणि मागाहून मोह झाला. त्या दोहोंची कबुली दिल्यावाचून या प्रश्नाचे खरे उत्तर देता येणार नाही, म्हणून हा लेख लिहीत आहे.

माझ्या धाकट्या मुलीचा विवाह २०२३ च्या जानेवारीत झाला. जावई बेळगाव जिल्ह्यातलेच. मेलबर्न शहरी वृद्धांच्या शुश्रूषागृहात ते परिचारक आहेत आणि तेथील कायमचे रहिवासी झाले आहेत. रजा थोडी होती. लग्नानंतर नवराबायको एकत्र राहिली ती अवघे सव्वीस दिवस. सत्ताविसाव्या दिवशी गोव्याच्या विमानतळावर जावयांना निरोप देऊन मुलगी सासरी परतली, आणि पुढील वर्षी पत्नी या नात्याने व्हिसा मिळावा म्हणून अर्जाची तयारी सुरू झाली.

ऑस्ट्रेलियाच्या १९५८ च्या स्थलांतर कायद्यात पतिपत्नी कोणास म्हणावे हे सांगितले आहे. विवाह कायदेशीर असला म्हणजे तेथे भागत नाही. उभयतांनी इतर सर्वांना वगळून एकमेकांशी सहजीवनाची बांधिलकी पत्करलेली असावी, नाते खरे आणि चालू असावे, आणि दोघे एकत्र राहत असावीत, निदान कायमची विभक्त झालेली नसावीत, असे तो कायदा म्हणतो. १९९४ च्या नियमांनी ही परीक्षा चार अंगांनी घेण्यास सांगितले आहे : पैशाचा व्यवहार, घरसंसार, समाजातील ओळख आणि परस्परांविषयीची बांधिलकी. अर्जाचे शुल्क २०२४ साली सुमारे नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होते, आणि अर्ज नाकारला गेला तर सहसा ते परत मिळत नाही. माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तराला तो आकडा ऐकूनच घाम फुटला.

परंतु पैशापेक्षा मला अपमान अधिक झोंबला. तीन रविवारी वेदीवरून लग्नाची सूचना वाचली गेली, फादरांनी मिस्सा अर्पून विवाह लावला, चारशे पाने उठली; आणि समुद्रापलीकडील एक अधिकारी, ज्याने आमच्या गावाचे नावही ऐकलेले नाही, तो विचारणार की हे लग्न खरे कशावरून? त्या रात्री मी जेवताना एक शब्द बोललो नाही.

सौभाग्यवतीने भांडी आवरता आवरता सहज विचारले, "आपल्याला कोणी विचारले असते, तर आपण काय दाखवले असते?" मी विचारात पडलो. अडतीस वर्षांच्या संसारात आम्हा दोघांचे एकच छायाचित्र आहे, आणि त्यातही आमच्यामध्ये दोन हातांचे अंतर आहे. सहा वर्षे माझी बदली दुसऱ्या तालुक्यात होती. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने यायचे आणि सोमवारी पहाटे निघायचे, हाच आमचा संसार. प्रेमपत्र मी कधी लिहिले नाही. मग पत्र्याची पेटी उघडून पाहिली. रेशनकार्ड होते, त्यावर तिचे नाव. भविष्यनिर्वाह निधीचा फॉर्म होता. माझ्या मागे पैसे कोणास द्यावेत, या प्रश्नापुढे पंचविशीतील माझ्या अक्षरात तिचेच नाव. पुरावा म्हणून यांतील काहीच आम्ही ठेवले नव्हते. तरीही पुरावा होता तो हाच.

राग असा थोडा ओसरला. आता मोहाची गोष्ट.

लग्नाच्या पहिल्याच पावसाळ्यात मुलीच्या संसारात एक वादळ येऊन गेले होते. जावयांच्या धाकट्या भावाने कर्ज करून ठेवले होते. दोघांनी मिळून साठवायला घेतलेली रक्कम जावयांनी बायकोला न विचारता त्या कर्जात भरली. पैसे गेल्याचे दुःख तिला नव्हते. आपल्याला विचारले नाही, हे तिला लागले. शब्दाने शब्द वाढला आणि अबोला धरला गेला. एके दिवशी ती पिशवी घेऊन माहेरी आली. गावात कुजबुज सुरू झाली. चर्चमधून बाहेर पडताना लोक आमची विचारपूस जरा अधिकच आपुलकीने करू लागले. एकाहत्तर दिवस त्या दोघांत एक फोन नाही की एक संदेश नाही.

आता अर्जासोबत दोघांच्या बोलण्याचा वृत्तान्त जोडायचा, तर ते एकाहत्तर दिवस कोरे. शहरातील ज्या सल्लागाराकडे आम्ही गेलो होतो, त्याने कागद चाळले आणि आवाज उतरवून सांगितले, "गुरुजी, एवढे मनावर घेऊ नका. मधले काही संदेश तयार करता येतील. दोघांचे एखादे हॉटेलातले छायाचित्रही करून देतो. आणि भांडणाचे नाव कोठे काढायचे नाही." मी त्याला नाही म्हटले नाही, हे मला येथे लिहिले पाहिजे. "विचार करून सांगतो" असे म्हणून मी घरी आलो, आणि दोन दिवस खरोखरच विचार करीत राहिलो. पैसे बुडण्याचे भय होते, लोकलज्जा होती, आणि लेकीचे पुढचे आयुष्य अडून राहील ही चिंता होती. मोहाने माझ्यापुढे मायेचेच रूप घेतले होते.

त्याच सुमारास मुलीने आपले निवेदन लिहून इंग्रजी तपासण्यासाठी माझ्या हाती दिले. नवराबायकोची ओळख कशी झाली, विवाह कसा ठरला, संसार कसा चालतो, हे दोघांनी आपापल्या शब्दांत स्वतंत्रपणे लिहावयाचे असते. तिसऱ्या पानावर तिने तो सारा अबोला तारीखवार लिहिला होता. मी लाल शाईची लेखणी उचलली आणि तो परिच्छेद खोडू लागलो.

"बाबा," ती म्हणाली, "इंग्रजी चुकले असेल तर खोडा. खरे असेल तर खोडू नका."

चाळीस वर्षे मुलांना शुद्धलेखन शिकवणाऱ्या माणसाच्या हातून लेखणी खाली राहिली. तरीही मन निवेना, म्हणून संध्याकाळी फादरांकडे गेलो. सर्व ऐकून घेतल्यावर त्यांनी विवाहाची नोंदवही काढली आणि माझ्या मुलीचे पान माझ्यापुढे उघडे केले.

"गुरुजी, त्या अधिकाऱ्यावर रागावण्याआधी हे पाहा," ते म्हणाले. "आम्ही तरी नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला का? दोघांचे बाप्तिस्म्याचे नवे दाखले मागवले. मुलीला वेगळे आणि मुलाला वेगळे बसवून विचारले की, तुझ्यावर कोणाची बळजबरी तर नाही ना? सूचना वाचल्या, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. लग्न लागल्यावर दोघांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीपुढे ते टिपून ठेवले, म्हणजे उद्या कोणी दुसरीकडे जाऊन आपण अविवाहित आहोत असे सांगू नये. हा संशय नव्हे, ही राखण आहे."

मग त्यांनी मला ट्रेंटच्या धर्मपरिषदेची हकीकत सांगितली. त्या काळी गुप्त विवाह होत. पुरुष मागाहून नाकबूल होई आणि स्त्रीच्या हाती काही उरत नसे. १५६३ साली त्या परिषदेने ठरवले की धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्यासमक्ष लागेल तोच विवाह ग्राह्य. "कागद मागितला जातो तो बहुधा दुबळ्याच्या रक्षणासाठी," फादर म्हणाले. "परदेशी जाण्यासाठी खोटी लग्ने होतात आणि त्यांत भोळ्या मुली फसतात, हे तुम्हीही ऐकले असेल. आणि अबोल्याचे म्हणाल, तर जिने भांडण लिहिले आहे तिला समेटही लिहिता येईल. तो कसा झाला हे तिला विचारलेत का?"

मी विचारले नव्हते. समेट झाला एवढे मला ठाऊक होते. तो कसा झाला, ते मुलीने त्या रात्री सांगितले.

सप्टेंबरात तिच्या सासूबाई अंगणात घसरून पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. धाकटा दीर गोव्यात कामावर होता. निरोप आला तेव्हा मुलगी आमच्याच घरी होती. मी म्हणालो होतो, "आधी जावयांचा फोन तरी येऊ दे." तिने उत्तर दिले होते, "बाबा, भांडण माझे त्यांच्याशी आहे, आईंशी नाही," आणि सकाळच्या पहिल्या गाडीने ती निघाली. शस्त्रक्रियेच्या कागदावर जवळचे नातेवाईक म्हणून तिनेच सही केली. नऊ रात्री ती रुग्णालयात खाटेशेजारी सतरंजीवर झोपली. पहिल्या रात्री जावयांचा फोन आला. त्या रात्री दोघे बोलली ती केवळ आईच्या प्रकृतीविषयी. पैशाचा विषय दहा दिवसांनी निघाला, आणि तेव्हा जावयांनी क्षमा मागितली. पुढे मोठा खर्च एकमेकांना विचारल्यावाचून करायचा नाही, असे दोघांनी ठरवले.

"त्या रुग्णालयाचा एखादा कागद आहे का?" मी विचारले. तिने सासरच्या फडताळातून एक चुरगळलेला पास आणला. रुग्णासोबत रात्री राहणाऱ्यास देतात तो. त्यावर तिचे नाव होते, तारखा होत्या, आणि खाली कोणा परिचारिकेने घाईघाईत लिहिले होते : 'नाते : सून'.

अबोल्याच्या एकाहत्तराव्या दिवशी, कोणी विचारले नसता, कोणास दाखवायचे नसता, माझ्या मुलीने आपले नाते असे सांगितले होते. तो पास मी किती वेळ हातात धरून बसलो होतो, ते सांगता येत नाही.

तिकडून जावयांनी आपले कागद पाठवले. नोकरीतील निवृत्तिनिधीसाठी मार्च २०२३ मध्ये त्यांनी पत्नीचे नाव दिले होते, आणि अबोल्याच्या काळातही ते बदलले नव्हते. माझ्या पेटीतील फॉर्मची मला आठवण झाली. दोघांना ओळखणाऱ्या दोन साक्षीदारांची लेखी निवेदने लागतात. त्यांपैकी एक त्यांच्या घरमालकीणबाईंचे होते. दररोज व्हिडिओवर होणाऱ्या गप्पांत त्यांचीही मुलीशी ओळख झाली होती. त्या बाईंनी लिहिले होते की, मधल्या काळात हा मुलगा स्वयंपाकघरात फोन समोर ठेवून बसत असे आणि जेवण निवून जाई.

सल्लागाराकडे आम्ही पुन्हा गेलो नाही. खोटे कागद दिल्याचे उघडकीस आले तर अर्ज नाकारून पुढील तीन वर्षे दार बंद होऊ शकते, हे मला नंतर वाचनात आढळले. म्हणून मी आधीपासूनच शहाणा होतो असे कोणी समजू नये. शहाणी होती ती मुलगी.

अर्ज २०२४ च्या मार्चमध्ये गेला, अबोल्यासह आणि त्या पाससह. वर्षाहून अधिक काळ आम्ही रोज संध्याकाळी जपमाळेत एक हेतू वाढवून प्रार्थना केली. २०२५ च्या मे महिन्यात तात्पुरता व्हिसा मिळाला आणि मुलगी नवऱ्याकडे गेली. कायमचा परवाना ही पुढची पायरी. तीत अर्ज केल्यापासून सुमारे दोन वर्षांनी नाते पुन्हा तपासले जाते. त्याची मला आता भीती वाटत नाही.

ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे सांगतो. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरील, आधारकार्डावरील आणि पासपोर्टावरील नावे अक्षरशः जुळतात की नाही हे लग्नाआधीच पाहावे. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. ते करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि पात्रता त्यावर असावी. घरखर्चासाठी पैसे पाठवायचे ते बँकेतून पाठवावेत. लग्नाची शंभर छायाचित्रे जोडण्यापेक्षा वर्षभरातील निरनिराळ्या प्रसंगांची दहा बरी. सून सासरी राहत असेल, तर तिच्या नावे तेथे येणारी पत्रे, बिले आणि पावत्या फेकू नयेत. आणि जे घडले नाही ते कोणाच्याही सांगण्यावरून लिहू नये.

आमच्या पत्र्याच्या पेटीत आता एक नवा लिफाफा आहे. मूळ पास मुलीने मजकडे ठेवायला दिला आहे. परवा सौभाग्यवतीला तालुक्याच्या दवाखान्यात नेले, तेव्हा खिडकीवरील कारकुनाने न पाहताच विचारले, "पेशंटशी नाते?" अडतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी सरळ विचारला नव्हता. मी जरा मोठ्यानेच उत्तर दिले, आणि ती चिठ्ठी घरी आणून त्याच लिफाफ्यात ठेवली.